सीटखालच्या खटक्याला झेंडूचं फूल

मी एक जुना खटका आहे. पंख्याचा नाही, दिव्याचा नाही, जीपच्या बॅटरीचा. शिकलेली माणसं मला कट-ऑफ स्विच म्हणतात. म्हणोत बापडी! ज्याने मला घडवलं त्याने खटका म्हटलं, जिने मला हळदकुंकू लावलं तिने खटका म्हटलं, आणि ज्याच्या अब्रूसाठी मी जन्माला आलो तो हाशम ड्रायव्हर आजही खटकाच म्हणतो. मित्रांनो, माझ्या स्क्रूंना गंज चढलाय, लाकडी मूठ तडकलीय. पण म्हणून मी रडक्या आवाजात गोष्ट सांगीन असं समजू नका. उभ्या आयुष्यात मी एकच काम केलं, नाही म्हणायचं. आणि ते मी चोख केलं.

आधी हाशमचं सांगतो. तो नसता तर मीही नसतो.

यावलच्या अलीकडे केळीच्या बागांमधलं एक गाव. तिथे भिकुबाईंची जीप होती. सगळा गाव भिकुबाईंना अक्का म्हणे. अक्कांच्या यजमानांनी ती जीप मिलिटरीच्या लिलावातून घेतली होती, पेट्रोलवरची. यजमान गेले, जीप राहिली, आणि जीप चालवणारा हाशमही राहिला. वीस वर्षं त्या घरची गाडी त्याच्याच हातात. आता या जीपला किल्ली म्हणून काही नव्हतीच. मिलिटरीच्या जुन्या गाड्यांचं असंच असतं. एक बटण फिरवायचं, पायाने स्टार्टर दाबायचा, की निघाली. कोणीही यावं आणि घेऊन जावं!

तसंच झालं. शहाऐंशी सालची गोष्ट. अक्कांची लेक सुरतेहून येणार होती, तिला आणायला हाशम धुळ्याला गेला. स्टँडबाहेर जीप लावली, आत जाऊन तिची पेटी उचलली, बाहेर आला तर जीप जागेवर नाही. आठ दिवसांनी ती सेंधव्याच्या बाजूला रस्त्याकडेला सापडली. टायर नाहीत, स्टेपनी नाही, सीटसुद्धा उचकटून नेलेल्या.

अक्कांनी टायर घातले, सीट बसवल्या, विषय संपवला. पण अक्कांचे दीर गिरधर आबा, त्यांनी विषय संपू दिला नाही. गावाच्या पारावर, चारचौघांत, ते बोलून गेले, "जीप अशी कशी जाईन? हाशमनंच इकली. मंग बोभाटा झाला म्हून सोडून देली."

पाहिलं होतं का आबांनी? नव्हतं पाहिलं. कोणी सांगितलं होतं का? नाही. तोंडाला आलं, बोलले. पण आबा बोलले म्हटल्यावर गाव मान डोलावतो. यावलच्या स्टँडवरचे ड्रायव्हर हाशमला चहाला बोलवेनासे झाले. त्याची बायको जुबेदा नळावर गेली की बायका एकदम गप्प होत आणि आपापल्या हंड्याकडे बघत बसत. जुबेदाने मग दुपारी, नळावर कोणी नसताना पाणी भरायला सुरुवात केली. चोर म्हणून कोणी तोंडावर म्हणत नव्हतं. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, निदान उत्तर तरी देता आलं असतं.

अक्का मात्र बधल्या नाहीत. "हाशम नही त जीप नही," एवढंच म्हणाल्या. तेव्हा आबांनी दुसरी युक्ती काढली. रोज संध्याकाळी जीप त्यांच्या ओट्यासमोर लावायची, चाकात साखळी घालून कडुनिंबाला बांधायची, आणि साखळीच्या कुलपाची किल्ली आबांच्या उशाशी. रोज सकाळी हाशमने दारात उभं राहून म्हणायचं, "आबा, किल्ली." वीस वर्षांचा ड्रायव्हर हो! मला विचाराल तर साखळी जीपला नव्हतीच घातलेली.

हाशमचा साडू नूर महंमद धुळ्यात गाड्यांच्या वायरिंगचं काम करी. हाशम एक दिवस त्याच्याकडे जाऊन बसला आणि सगळं सांगितलं. पारावरचं बोलणं, साखळी, जुबेदाचं दुपारचं पाणी. शेवटी म्हणाला, "नूरभाई, अब की बार गाडी गई, तो मैं गाँव में मुँह नहीं दिखा सकता." नूर महंमद उठला, भंगारातून विहिरीवरच्या मोटारीचा एक जुना मेन स्विच काढला आणि त्याचं पितळी पातं घासायला बसला.

तो माझा जन्म. काळ्या बॅकेलाइटची पाटी, त्यावर पितळेचा चिमटा, चिमट्यात बसणारं पातं, आणि पात्याला बाभळीच्या लाकडाची मूठ. दिसायला मी काही देखणा नव्हतो. नूर महंमदने जीपच्या बॅटरीची अर्थिंगची जाड वायर मध्येच तोडली आणि ड्रायव्हरच्या सीटखालच्या खोबणीत तिची दोन्ही टोकं माझ्या हवाली केली. पातं दाबलं की बॅटरी जिवंत. पातं उचललं की बॅटरी मेली. हॉर्न नाही, लाइट नाही, स्टार्टर नाही, इंजिनात ठिणगी नाही.

"दबाव," नूर महंमद हाशमला म्हणाला. हाशमने स्टार्टर दाबला. हूं नाही की चूं नाही. पुन्हा दाबला. तेच. तेव्हा हाशम कितीतरी महिन्यांनी मोकळा हसला. नूर महंमदने त्याला बजावलं, "जगह किसी को मत बताना. खटके की ताकत छुपने में है."

मित्रांनो, लपून राहण्यात मला कमीपणा वाटला नाही. सीटखाली धूळ होती, पान्यांचा खडखडाट होता, मे महिन्यात तर भट्टीच. तरी मी डोळ्यांत तेल घालून बसलो. एकदा साक्रीच्या आठवडे बाजारात एक जण हाशमच्या सीटवर येऊन बसला. बटण फिरवलं, स्टार्टर दाबला, पुन्हा दाबला. "हात तिच्या, बॅटरी उतरेल शे," असं पुटपुटत उतरून गेला. हाशमला ते कधी कळलंच नाही. शाबासकी द्यायला कोणीच नव्हतं. मी काही शाबासकीसाठी बसलो नव्हतो.

माझी जागा तिघांनाच ठाऊक होती. नूर महंमद, हाशम आणि अक्का. आबांना मुद्दाम सांगितलं नाही. आणि घोळ झाला तो अक्कांमुळेच!

सत्त्याऐंशी सालचा दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला घरातलं एकही हत्यार पूजेवाचून राहत नाही. विळे, कोयते, केळीचे घड कापायचे बक्खे, शिलाई मशीन, पाण्याची मोटार, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. हाशमनेही पहाटे उठून जीप धुतली, तोरण बांधलं. मुसलमान माणूस, पण दसऱ्याला जीपवर धुळीचा एक ठिपका त्याने कधी राहू दिला नाही. अक्का ताट घेऊन आल्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, त्यामुळे चाचपत चाचपत त्यांनी बॉनेटला, चाकांना, स्टिअरिंगला कुंकू लावलं. मग सीटखाली हात घातला.

"अक्का, तिथं नको," हाशम घाईघाईने म्हणाला.

"काहाले नको?"

"त्याची जागा कोन्हाले समजाले नको. फूल दिसलं की झालं मंग."

अक्कांना ते पटेना. "बठ्ठ्या हत्याराईले पूजा, आन् जो वरीसभर राखन करतो त्याले नही? असं कुठी असतं का रे हाशम?"

हाशम बाजूला झाला. जिने आपल्यावर सगळ्या गावाविरुद्ध विश्वास ठेवला तिला नाही कसं म्हणणार? अक्कांनी मला बोट भरून हळदकुंकू लावलं, मुठीला हे एवढं मोठं झेंडूचं फूल दोऱ्याने बांधलं, आणि नैवेद्य म्हणून गुळाचा खडा माझ्या डोक्यावर दाबून बसवला. वर ताकीद दिली, "हातानं काढू नको. वायून-सुकून पडीन तव्हा पडीन."

मी तेव्हा काय केलं सांगू? खरं सांगायचं तर मला आनंद झाला. वर्षभर धूळ खाल्ली होती, पहिल्यांदाच कोणी मला ओवाळलं. मीही माणसांत राहून थोडा भाबडा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांना डोळे दाखवायला धुळ्याला जायचं होतं. तिथे देवपुरात डोळ्यांचा डॉक्टर होता. पारोळ्याजवळ पांढरा झब्बा घातलेल्या एका माणसाने हात केला. एसटी चुकली म्हणाला. अक्का मागे बसल्या होत्या, त्यांनी लगेच म्हटलं, "घे रे हाशम, पाहुन्याले पुढं बसव." पाहुणा पुढे बसला. गोड बोलला, अक्कांच्या डोळ्यांची, दवाखान्याची चौकशी केली. मग त्याची नजर खाली गेली.

"सीटखाली झेंडू कशाचा हो?"

हाशम म्हणाला, "असंच. पूजेचा."

पण मागून अक्कांनी कौतुकाने सांगूनच टाकलं! "तो आमचा राखनदार हाये भाऊ. खटका. तो उचलला की गाडी जागची हालत नही."

हाशमचे हात स्टिअरिंगवर आवळले गेले. मी सीटखाली जागच्या जागी जळफळलो. अक्का, अहो अक्का, काय केलंत हे! पण अक्कांचा काय दोष? घरात आलेल्याला घर दाखवायची ज्यांना सवय, त्या गाडीत बसलेल्याला गाडी दाखवणारच.

पाहुणा धुळ्यात शिरल्यावर उतरून गेला. हाशमचा जीव थोडा भांड्यात पडला. दवाखान्यासमोर जीप लावून त्याने मला उचललं, फूल तोडायला हात पुढे केला, आणि अक्कांची ताकीद आठवून तसाच मागे घेतला. अक्कांचा हात धरून तो आत गेला.

दहा मिनिटंही झाली नसतील. तोच पांढरा झब्बा रस्त्याच्या पलीकडून आला, खुशाल सीटवर बसला, वाकला, झेंडू धरून मला शोधलं आणि पातं खाली दाबलं.

मित्रांनो, त्या क्षणी माझं काय झालं असेल? मला हात नाहीत, तोंड नाही. दाबलं तर मला बसावंच लागतं. डोळ्यांसमोर हाशम दिसत होता, रिकाम्या जागेपुढे उभा राहिलेला. आता आबा पारावर काय म्हणतील, जुबेदा नळावर तरी जाईल का! मी मनात म्हटलं, नाही. काय वाटेल ते होवो, नाही!

चोराने स्टार्टर दाबला. हूं नाही. चूं नाही.

त्याने मला उचललं, पुन्हा दाबलं. काही नाही. कारण सांगतो. खानदेशातलं ऑक्टोबरचं ऊन, त्यात इंजिनाची धग. अक्कांचा गुळाचा खडा धुळ्यापर्यंत विरघळत आला होता. हाशमने मला उचलल्याबरोबर तो पाक हळदकुंकवासकट थेट माझ्या चिमट्यात उतरला आणि पितळेवर जाड थर होऊन बसला. पातं आत जात होतं, पण पितळेला पितळ लागत नव्हतं. अक्कांनीच मला उघडं पाडलं, आणि अक्कांच्याच नैवेद्याने माझं तोंड घट्ट बंद केलं.

चोर घामाघूम झाला, पण हुशार होता. खाली उतरून हाक मारली, "अहो भाऊ, जरा धक्का मारता का?"

आमच्या भागात धक्का मागितला आणि कोणी आलं नाही, असं होत नाही. गाडी कोणाची हे कोणी विचारत नाही. चहाच्या टपरीवरचे चार जण कप खाली ठेवून आले, एक मास्तर सायकल लावून आला, एका आजोबांनी सुद्धा हात लावला. चोर गाडी चोरतोय आणि गाव मदत करतंय! "हुप्पा!" करत जीप तीस पावलं गेली. मी म्हटलं, मारा धक्का. पांझरा नदीपर्यंत न्या. पेट्रोलची गाडी आहे, ठिणगीशिवाय पेटायची नाही, आणि ठिणगी माझ्या परवानगीशिवाय यायची नाही! ते दम खाऊन पुन्हा लागले. पुढे चढ लागला, म्हणून लोकांनीच जीप वळवायला लावली आणि उलट्या दिशेने, परत दवाखान्याकडे ढकलत आणली.

टपरीवरचा एक जण धापा टाकत म्हणाला, "काय भाऊ, आमना बठ्ठा दम काढा. गाडी शे का खटारा?"

चोराचा पारा चढला होता. त्याच्या हातोटीवरच कोणी बोट ठेवल्यासारखं झालं त्याला. "खटारा कशाला? मागल्या साली स्टँडवरून काढली तेव्हा एका दमात चालू झाली होती!"

जीप तेव्हा दवाखान्याच्या पायऱ्यांपुढे होती. पायऱ्यांवर हाशमचा हात धरून अक्का उभ्या होत्या. डोळ्यांत औषध घातलेलं, पट्टी बांधलेली, दिसत काहीच नव्हतं. पण कान शाबूत होते.

"हाशम," अक्का म्हणाल्या, "हा त सकायचा पाहुना." मग आवाज चढला. "काय म्हटलं रे तू? मागल्या साली कुठून काढली? माझी जीप मागल्या साली स्टँडवरून चोरीले गेलती!"

धक्का मारणाऱ्यांचे हात जागच्या जागी थांबले. चोराने पळायचा प्रयत्न केला, पण सहा माणसं आधीच गाडीभोवती होती. ज्या हातांनी जीप ढकलली त्यांनीच त्याची गचांडी धरली. पोलीस आले, सगळ्यांची नावं लिहून घेतली. हाशमने सीटखाली वाकून माझा गूळ पुसला. अक्का तेवढ्यातही म्हणाल्या, "फूल राहू दे."

बातमी आमच्या आधी गावात पोचली. दुसऱ्या सकाळी हाशम नेहमीसारखा आबांच्या दारात गेला. आबांनी आज मागायच्या आधीच किल्ली पुढे केली आणि नजर चुकवून म्हणाले, "ठेव तुह्याजवयच. आता काही साखयीची गरज नही."

तुम्हाला वाटेल, झालं, हाशम खूश झाला. नाही झाला. माझा माणूस होता तो!

"किल्ली तुमच्याजवय राहू द्या आबा," तो शांतपणे म्हणाला. "मले ते पारावरचं बोलनं वापस पाह्यजे. जिथं बोलले तिथंच."

आबा भडकले. "मी तुह्यासाठी पारावर जाऊ?"

"माह्यासाठी नका जाऊ. बोलनं तुमचं हाये."

हाशम अक्कांकडे आला आणि म्हणाला, "मी गाडीचं पातं घेऊन जातो." अक्का म्हणाल्या, "घेऊन जा." त्याने माझी खीळ काढली, पातं मुठीसकट सोडवलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं. पातं म्हणजे मीच की. असा मी आयुष्यात पहिल्यांदा सीटखालून बाहेर आलो आणि हाशमच्या छातीशी जाऊन बसलो.

जीप उभी राहिली. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. आबांनी यावलहून तोताराम ड्रायव्हरला बोलावलं. त्याने बॉनेटमध्ये डोकं घातलं, सीटखाली डोकं घातलं, आणि "पात्याबिगर कशी चालीन?" म्हणून परत गेला. आबांना यावलला काम होतं, ते उन्हात फाट्यापर्यंत पायी गेले आणि पायीच आले. अक्कांना कोणी म्हणालं की, हाशमला समजवा. अक्का म्हणाल्या, "मी आंधयी बाई, मले काय समजतं?" आणि खुसुखुसू हसल्या. हाशमच्या घरात चूल अर्ध्यावर आली होती. पण जुबेदाने एकदाही "जाऊ द्या ना" म्हटलं नाही. नवव्या दिवशी ती सकाळी, सगळ्या बायका असताना नळावर गेली आणि रांगेत उभी राहिली.

त्याच संध्याकाळी आबा पारावर आले. खांद्यावर साखळी होती. हाशमला निरोप गेला. पारावर सगळा गाव जमला होता आणि मी खिशातून ऐकत होतो. आबांनी साखळी दगडावर ठेवली. मग म्हणाले, "मागल्या साली मी इथंच बसून हाशमले चोर म्हटलं. मी पाह्यलं नव्हतं. तरी म्हटलं. ते खोटं व्हतं."

एवढंच. पण प्रत्येक शब्द जागेवर पडला. हाशमने मान हलवली, आबांच्या पाया पडला नाही, गळ्यातही पडला नाही. तो सरळ जीपकडे गेला, मला माझ्या जागी बसवलं, खीळ घातली आणि पातं दाबलं. खट्! स्टार्टर दाबताच जीप पहिल्या आवाजात बोलली. त्या दिवशी मी मोठ्या आनंदाने हो म्हणालो.

आज नव्व्याण्णव साल चालू आहे. जीप तीन वर्षांपूर्वी भंगारात गेली. अक्काही गेल्या. हाताची सवय, म्हणून हाशमने मला सोडवून घरी आणलं आणि समोरच्या खोलीत, दारातून दिसेल असं भिंतीवर ठोकलं. अक्कांची सून दर दसऱ्याला एक झेंडूचं फूल आणि गुळाचा खडा पाठवते. जुबेदा ते फूल माझ्या मुठीला बांधते.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी आली की तिला कुलूप लावा, खटका बसवा, काय वाटेल ते करा. वस्तू जपायलाच हवी. पण न पाहता कोणाला चोर म्हणू नका. आणि म्हटलंच, तर परत घ्यायला त्याच पारावर जायची तयारी ठेवा. कोणी तुम्हालाच तसं म्हटलं, तर पातं काढून खिशात ठेवा आणि बसा. मी बसलो होतो. हाशम बसला होता.

परवा कोणीतरी घरात शिरता शिरता विचारलं, "भिंतीवर हे फूल कशाला?" हाशम म्हणाला, "तो आमचा राखनदार हाये." आणि त्याने पुढची सगळी गोष्ट मोठ्या आवाजात, दार उघडं ठेवून सांगितली. दिसू दे फूल सगळ्यांना. आता मला लपायचं काही कारण नाही.